सगळ्या परवानग्या साहेबांना

मरोळच्या एका पॅथॉलॉजी कंपनीत श्यामकांत डेटाबेस सांभाळत. रुग्णांचे रिपोर्ट साठवणाऱ्या त्या डेटाबेसमध्ये काही तयार प्रोसिजर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा होत्या. नावाने चालवली की ठरलेलं काम करून मोकळी. कुठली प्रोसिजर कोणी चालवायची, याची परवानगी श्यामकांत देत. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत पाणी कधी जाणार हेसुद्धा त्यांना कोणी सांगत नसे. ती कसर ते ऑफिसात भरून काढत.

रिपोर्ट विभागातल्या दर्शनाला एकच परवानगी हवी होती, अडकलेला रिपोर्ट सोडवणाऱ्या प्रोसिजरची. रोज तीस-चाळीस पेशंट तिला फोनवर झापत.

"फॉर्म भर," श्यामकांत म्हणाले.

"सर, दोनदा भरलाय."

"कारणाच्या रकान्यात 'काम' लिहिलंयस. काम हे कारण होत नाही."

तिसरा फॉर्म त्यांनी सही निळ्या शाईत नाही म्हणून परत केला. त्याच दुपारी मॅनेजर चंद्रप्रकाश त्यांच्या टेबलाशी आले. "मला सगळं दिसलं पाहिजे यार."

बघणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे श्यामकांतांनी झोपेतही सांगितलं असतं. पण साहेब स्वतः टेबलाशी आले होते. श्यामकांतांनी अर्धवट उभं राहूनच सगळ्या प्रोसिजर त्यांच्या नावावर करून टाकल्या.

सोमवारी साहेबांनी सहज एक चालवून पाहिली. ती निकाल पेशंटच्या मोबाइलवर पाठवणारी होती. तारखेचा रकाना रिकामा राहिला, म्हणून गेल्या चार वर्षांचे निकाल एकदम सुटले. घाटकोपरच्या एका बाईंना त्या गरोदर असल्याचं कळलं. मुलगा शेजारी बसून बालवाडीचा डबा खात होता. बोरिवलीत एका घरी, वारलेल्या आजोबांची साखर आटोक्यात असल्याचं कळलं.

"मला परवानगी दिलीच कशी तुम्ही?" साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं.

परवानग्या नव्याने वाटायचं ठरलं. यादी दर्शनाने केली: रिपोर्टवाल्यांना रिपोर्टच्या, बिलिंगवाल्यांना बिलिंगच्या.

"साहेबांच्या नावासमोर काहीच नाही?" श्यामकांतांनी दबकत विचारलं.

"त्यांना काय चालवायचं असतं, सर?"

श्यामकांतांनी स्वतःच्या हाताने साहेबांच्या परवानग्या काढल्या, दर्शनाची दिली. पाचव्या मिनिटाला ती फोनवर म्हणत होती, "आला ना काका रिपोर्ट? बघा."

आता त्यांच्या टेबलाशी कोणी थांबत नाही. काम सुरळीत चाललंय, आणि श्यामकांत जेवायला एकटेच जातात.