दोनदा वजा केलेला कोपरा

कराडच्या आमच्या घरात हॉलची फरशी बदलायची होती. हॉल सरळ चौकोनी नाही. एका कोपऱ्यात बाथरूम आत घुसल्यामुळे त्याचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा झालाय. मी हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे माप मीच घेतलं, हिशोबही मीच केला. दोनशे बहात्तर चौरस फूट. एका बॉक्समध्ये दोन बाय दोनच्या चार टाइल्स, म्हणजे सतरा बॉक्स लागणार. फुटतुटीसाठी दोन जादा आणले.

मिस्त्री शिराळ्याकडचे, वयानं माझ्याएवढेच. हॉलभर नजर फिरवून म्हणाले, "सर, कमी पडतील बगा."

मी हसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा बॉक्स संपला आणि खिडकीखालचा मोठा तुकडा उघडाच राहिला. समोरचे निवृत्त फौजी काम बघायला आले होते. पुढच्या आठवड्यात हेच मिस्त्री त्यांच्याकडे कामाला लागणार होते. त्यांच्यादेखत मी विचारलं, "मिस्त्री, दोन बॉक्स जादा होते. माल गेला कुठं?"

"लावला की सर. मोजा."

"मोजायचं काय? मला गणित शिकवता?"

मिस्त्रींनी थैली फरशीवर उपडी केली. थापी, ओळंबा, रबरी हातोडी. मग दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. दोन फुटी टाइल खिशात मावत नाही, हेही मला तेव्हा सुचलं नाही. हत्यारं गोळा करून ते निघून गेले.

फौजी म्हणाले, "बरं झालं सर, आदीच कळलं."

संध्याकाळी मी एकेका टाइलवर पाय ठेवत मोजायला लागलो. शहात्तर. उलट्या बाजूनं पुन्हा मोजल्या. शहात्तर. एकोणीस बॉक्समधली एकूण एक टाइल जमिनीवर होती. हिशोबाचा कागद काढला. हॉलचे दोन आयत पाडून मी बेरीज केली होती: दोनशे चाळीस आणि एकशे बारा. इथवर बरोबर. मग त्यातून बाथरूमचे ऐंशी वजा केले होते. ते त्या बेरजेत धरलेलेच नव्हते! हीच चूक दर वर्षी पोरांच्या वह्यांत मी लाल पेनानं गोल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रींचं घर गाठलं. उंबऱ्याशी उभ्यानंच सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला ठावं हुतंच की सर. मला सांगून काय उपेग? ज्यांच्याम्होरं बोललासा, त्यांना सांगा."

तिथून थेट फौजींकडे गेलो. त्यांच्या पेपरच्या कडेला आकृती काढली, बेरीज मांडली, चूक दाखवली. ते मान डोलावत राहिले आणि शेवटी हसले.

"आवं सर, माज्या दोनी पोरांना तुमी गणित शिकवलंय. तुमचं चुकंल व्हय? गरिबाचं काम जाऊ नये म्हणून म्हणताय. लय मोठं मन हाय तुमचं."

मी म्हणालो, "चला, माझ्या घरी. टाइल्स मोजून बघा."

"मोजायचं काय त्यात? तुमच्या शब्दावर इश्वास हाय आपला."

दुसरा मिस्त्री त्यांनी आदल्या दिवशीच ठरवला होता.