भिंतीपलीकडचा दंगा

आमच्या नोएडाच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की शेजाऱ्यांच्या फोनवर एक फॉर्म येतो. माणूस कसा वाटतो, घरी कोण येतं-जातं, काही आक्षेपार्ह दिसलं का, असे प्रश्न असतात. मी तो फॉर्म कधीच भरत नाही. मागे एकदा सेक्रेटरी दारात आला. माझ्या मुलीच्या वयाचा आहे. म्हणाला, "आंटी, दो मिनट का काम है. सबकी सेफ्टी के लिए."

मी म्हटलं, "बेटा, मेरी हिंदी कच्ची है."

तो हसला. तीस वर्षं दिल्लीत काढलेल्या बाईची हिंदी कच्ची कशी, असं त्याला वाटलं असणार. म्हातारी विक्षिप्त आहे, असं त्याने खाली जाऊन सांगितलंही असेल, आणि त्यात फारसं चुकीचं काही नाही. पण मी त्याला थाप मारली नव्हती.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून मयूर विहारला राहायला आलो, तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. माझी हिंदी सिनेमातली आणि भाजीवाल्यापुरती. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षक एकटेच राहायचे. सगळी बिल्डिंग त्यांना मास्टरसाब म्हणायची. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण. ती लग्न होऊन कराचीला गेली होती. तिचा निळसर पाकिटातला कागद आला की मास्टरसाब दोन दिवस खुशीत असत.

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची बैठकीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. रोज संध्याकाळी पाचला बिल्डिंगमधली दहा-बारा पोरं त्यांच्याकडे गणितं शिकायला जायची. अर्धा तास गणितं आणि नंतर तासभर नुसता धुडगूस. उशा फेकायच्या, कॅरमवरून भांडायचं, पलंगावरून उड्या मारायच्या. माझी मुलगी त्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची. मी पोळ्या लाटत ऐकत असायचे. परक्या गावात मला पहिल्यांदा करमायला लागलं ते त्या आवाजामुळे.

एकदा जिन्यात मी मास्टरसाबना म्हटलं, "आज तो बच्चों ने बहुत दंगा किया."

ते थबकले. मग इतके हसले की पायरीवरच बसले. "बेटी, ऊधम कहो. शोर कहो. यह लफ़्ज़ दिल्ली में ज़रा सँभालकर बोलना."

आपल्याकडे दंगा करतात ती पोरं. फार तर गुडघा फुटतो, नाहीतर एखादी कपबशी. हिंदीत दंगा म्हटलं की दुकानं जळतात आणि माणसं मरतात. त्या काळात तो शब्द वर्तमानपत्रात वरचेवर असे आणि वाचताना अंगावर काटा येई. मास्टरसाबनी समजावलं, मी जीभ चावली, आणि घरात शिरेपर्यंत विसरले. चार दिवसांनी मी पुन्हा तेच बोलत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई मला उगीच म्हणत नसे.

ते दिवस सगळं मोकळं होण्याचे होते. करोल बागेत परदेशी घड्याळं आणि चॉकलेटं उघड काचेआड दिसायला लागली होती. माझा नवरा ज्या खात्यात होता तिथे वर्षानुवर्षं एकच काम चाले, परवानगी देणं किंवा न देणं. कारखानदाराने ठरल्याहून जास्त माल काढला तरी त्याला यांच्या टेबलापुढे उभं राहावं लागे. आता त्या फायली दोरीने बांधून तळघरात चालल्या होत्या. नवरा हिरमुसला होता आणि मी खूश. मी त्याला चिडवायची, "बघा, कुणी तुम्हाला विचारलं नाही आणि देश बुडला नाही."

तो म्हणायचा, "अगं, वस्तूंचं वेगळं आणि माणसांचं वेगळं."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे ते माझ्या मानेवर बसलं.

आमची मुलगी सहा वर्षांची असताना मास्टरसाबना बहिणीचं पत्र आलं. या वेळी अक्षर तिच्या मुलाचं होतं. अम्मी अंथरुणाला खिळल्या आहेत, मामूंना बघायचं म्हणतात. मास्टरसाबकडे पासपोर्टच नव्हता. त्यांचा अर्ज मी माझ्या टाइपरायटरवर टाइप केला आणि टाइप करताना चिडत होते. सत्तरीच्या माणसाने आजारी बहिणीला भेटायला कुणाची परवानगी मागायची? दोन सरकारांचा आपसात अबोला होता, तो त्यांनी खुशाल धरावा. पण त्यांच्या अबोल्यात या दोघांनी का गप्प बसायचं? मी हे मोठ्याने बोलले, तेव्हा मास्टरसाब म्हणाले, "पहले पासपोर्ट, बेटी. लड़ाई बाद में."

मग एका दुपारी पोलीस चौकशीला एक हवालदार आला. मास्टरसाब घरी नव्हते, म्हणून त्याने आमची बेल वाजवली. वयस्कर, सभ्य माणूस. बूट दाराबाहेर काढले, पाणी मागितलं. मी चहा केला. नवरा सकाळीच म्हणाला होता, कर नाही त्याला डर कशाला. मलाही डर नव्हती. उलट मास्टरसाबसाठी चार शब्द चांगले बोलायची संधी मिळाली म्हणून मी खुर्ची ओढून समोरच बसले.

"कैसे आदमी हैं?" त्याने विचारलं.

"बहुत अच्छे. बिल्कुल देवमाणूस."

"घर में कौन आता-जाता है?"

"रोज शाम को दस-बारह लड़के आते हैं. खूब दंगा करते हैं."

त्याचं पेन थांबलं. "दंगा?"

"हाँ, रोज. कभी-कभी तो दीवार हिलती है."

"और मास्टरजी? कुछ कहते नहीं?"

"वो क्या कहेंगे? वो तो हँसते हैं. कहते हैं, करने दो."

त्याने लिहून घेतलं, चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. मी कप विसळले. भिंतीपलीकडे पाचला पोरं आली आणि मला वाटलं, आज आपण एका भल्या माणसाचं काम केलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं की पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने पासपोर्ट देता येत नाही. प्रतिकूल काय ते लिहिलं नव्हतं. मास्टरसाबना समजेना, मलाही समजेना. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून विचारायला मी बरोबर गेले. खिडकीतल्या कारकुनाने फाईल काढली. म्हणाला, हे सांगायचं नसतं, पण तुमचं वय बघून सांगतो. आणि त्याने वाचून दाखवलं, "पड़ोस की महिला के अनुसार आवेदक के घर प्रतिदिन लड़के एकत्र होकर दंगा करते हैं. आवेदक उन्हें रोकता नहीं."

ते माझंच वाक्य होतं. त्याला नुसता सरकारी सदरा चढवला होता. मास्टरसाबनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका क्षणात कळलं, दिल्लीत दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी तोंड उघडायचा अवकाश होता. ती महिला मी आहे, माझ्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, एवढंच सांगायचं होतं.

कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आप इनकी कौन लगती हैं?"

आणि मला नवऱ्याची नोकरी आठवली. आता नाव विचारतील, नवऱ्याचं खातं विचारतील, कराचीच्या पत्रांशी तुमचा काय संबंध विचारतील. मी म्हणाले, "मैं टाइपिंग करती हूँ."

मास्टरसाबनी मान खाली घातली. कारकुनाला म्हणाले, "जी, मोहल्ले के बच्चे हैं, हिसाब सीखने आते हैं. दोबारा जाँच करवा दीजिए." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये यमुनेचा पूल आला. मग ते म्हणाले, "अच्छा किया, बेटी. तुम्हारे मियाँ सरकारी आदमी हैं." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज ही गोष्ट लिहीत बसले नसते. "अच्छा किया" अजून माझ्या कानात आहे, आणि ते ऐकलं की मला माझी लाज वाटते.

फेरचौकशीचा अर्जही मीच टाइप केला. त्यात एक वाक्य घातलं होतं, की उपरोक्त महिला मी असून शब्द माझा आहे आणि चूकही माझी आहे. संध्याकाळी नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "अगं, आपलं नाव कशाला त्यात? पुन्हा चौकशी होणारच आहे." तो दुष्ट नव्हता. हवालदारही दुष्ट नव्हता, कारकूनही नव्हता. वाईट माणूस त्यात कुणीच नव्हता, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि एक म्हातारा बहिणीपासून अडकून पडला. मी कागद मशीनमधून काढला आणि ते वाक्य गाळून पुन्हा टाइप केला.

मास्टरसाबनी पोरांना सुट्टी दिली. दुसऱ्या चौकशीला घर शांत दिसायला हवं होतं. पाच वाजायचे आणि भिंतीपलीकडे काहीच व्हायचं नाही. मी पोळ्या करायची वेळ बदलली, तरी ती शांतता माझ्यासाठी थांबलेली असे. मुलगी घरात जरा मोठ्याने बोलली की मी तिच्या तोंडावर हात ठेवायची. "शू, मास्टरसाबना त्रास होतो." चार महिने मी तिला हेच सांगितलं.

तोच हवालदार पुन्हा आला. या वेळी चहा नको म्हणाला. "अब कोई दंगा वगैरह?"

"नहीं," मी म्हटलं. "अब बिल्कुल शांति है."

हे त्याने लिहून घेतलं, आणि यावर पासपोर्ट मिळाला. टपाल आलं तेव्हा मास्टरसाबची बहीण जाऊन दीड महिना झाला होता. व्हिसाचा प्रश्नच उरला नाही. मी पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते उघडलं, आपला फोटो जवळ धरून पाहिला आणि पोरांच्या जुन्या वह्यांखाली ठेवून दिलं. मग म्हणाले, "बेटी, अब बच्चों को भेज दो."

मी प्रत्येक मजल्यावर गेले. कुणाची ट्यूशन दुसरीकडे लागली होती. कुणाच्या आईने हळू आवाजात विचारलं, "उनके यहाँ पुलिस आई थी ना?" कुणीच आलं नाही. पाचला मास्टरसाब दार उघडं टाकून बसले होते, कॅरमवर सोंगट्या मांडलेल्या.

मी माझ्या मुलीला हाताला धरून त्यांच्या खोलीत नेलं. पलंगापाशी उभी केली आणि मराठीत म्हटलं, "कर गं दंगा. हवा तेवढा कर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. आणि ओठावर बोट ठेवून तिथेच उभी राहिली.