नित्याचं प्रायव्हेट व्हर्जन

नित्या आज सकाळी गेला. दाढी करता करता.

पन्नाशीही गाठली नाही.

ठाकुर्लीला त्यांच्या दोन खोल्यांत एक असेंबल्ड कॉम्प्युटर होता. त्यावर एक मिलिटरी गेम. अर्थातच पायरेटेड.

नित्याने तो आतून पार बदललेला. परदेशी गावाच्या जागी कल्याणची खाडी, मोहन्याच्या कारखान्याच्या चिमण्या, आपले रूळ.

आणि सैनिकांना खरी नावं. त्याचा मोठा भाऊ सुनीलदादा आर्मीत होता. सुट्टीवर आला की ज्या दोस्तांचे किस्से सांगायचा, ते सगळे गेममध्ये. दादासुद्धा.

याला मॉड म्हणतात हे नंतर कळलं. आम्ही 'आपलं व्हर्जन' म्हणायचो.

आपलं म्हणजे नित्या, संदीप आणि मी. बस. पासवर्ड टाकताना तो आम्हालाही भिंतीकडे तोंड करायला लावायचा.

"अरे, एक फ्लॉपी दे ना करून!"

"नाही वैशू. खेळायचं तर घरी ये. आई पोहे देईल."

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला. सीमेवर युद्ध. दादा तिकडेच. फोन नाही, काही नाही. काकू टीव्हीसमोरून उठायच्या नाहीत.

त्यातच डोंबिवलीचा एक सीडीवाला घरी आला. "दे तुझा गेम. आत्ता हातोहात खपेल."

"यात माझा भाऊ आहे," नित्या म्हणाला आणि दार लावलं.

त्यानंतर गेममधल्या दादाला गोळी लागेनाशी झाली.

संदीप वैतागला. "ही चीटिंग आहे यार. रिअॅलिझम कुठे गेला?"

"रिअॅलिझम रोज टीव्हीवर बघतोय ना आपण?"



दादा परत आला. उजवा हात प्लास्टरमध्ये. एका दुपारी आम्ही खेळत होतो तर शेजारी येऊन बसला आणि डाव्या हाताने माउस धरला. गेममधल्या स्वतःला एकही गोळी लागत नाही हे बघून आधी खूप हसला.

मग बाजूचा सैनिक पडला. स्क्रीनवर नाव आलं. बलबीर.

दादाने माउस सोडला.

"हा खरंच गेला रे."

तो नित्याकडे वळला.

"मला एकट्यालाच का वाचवलंस, नित्या?"

नित्या मान खाली घालून बसला होता.

पुढच्या वेळी आम्ही गेलो तर गेममध्ये कोणीच मरत नव्हतं. आपले नाही, समोरचेही नाहीत.

"अरे, मग जिंकायचं कसं?" संदीपने विचारलं.

"नाही जिंकायचं."

आम्हा दोघांना बोअर झालं, खरं सांगते. पण दादा सुट्टीवर आला की तासन्‌तास बसायचा. बंदूक चालवायचाच नाही. अख्खी पलटण घेऊन खाडीच्या कडेने फिरायचा.

"चल बलबीर, तुला आमचं गाव दाखवतो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नित्या मागे उभा राहून डोळे पुसत होता.

पुढे तो कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात गेला. कॉपी त्याने कधीच कोणाला दिली नव्हती.

"परत बनव ना," मी कितीदा तरी म्हटलं.

"बनवू गं. वेळ मिळू दे."

आज स्मशानात दादा माझ्याशेजारी उभा होता. धाकट्या भावाला अग्नी देऊन आलेला. म्हणाला, "वैशू, मला त्याने काय दिलं होतं ते इथे कोणाला सांगू?"

म्हणून लिहिलं.

नित्या, बाबा, नीट जा. तुझ्या दोस्तांचा तुला मनापासून नमस्कार.