चारकोपचा दुधी

मी शेतकरी झालो तेव्हा बाथरूममध्ये होतो.

मोबाइलवर एक ॲप सापडलं होतं. त्यात डिजिटल टोकन विकत घ्यायचं, म्हणजे त्या पैशातून कुठल्यातरी शेतकऱ्याला पेरणीआधीच बी-खत मिळणार. पीक आलं की एक वाटा उपाशी मुलांच्या जेवणाला, उरलेला आपला. तो विकायला सांगा, नाहीतर घरपोच मागवा. चारकोपच्या ब्लॉकमध्ये बसून जगाची भूक हटवायची, तेही चपला न घालता!

खरं सांगायचं तर जगापेक्षा मला सासूबाईंची काळजी जास्त होती. त्या गुडघ्याच्या उपचारासाठी कुडाळहून आमच्याकडे आल्या होत्या. मला शेती नाही हे कळल्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी अर्धाच जावई. त्यात आमच्या खिडकीतली तुळस वाळलेली. "जावयबापू, तुमच्या हातची तुळससुद्धा जगाक नाय," हे त्या आल्यागेल्या प्रत्येकासमोर ऐकवायच्या. त्या गावी परतण्याआधी त्यांच्या तोंडून एकदा तरी स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायचंच, असा मी चंग बांधला. पीक म्हणून दुधी निवडला (वेल लवकर धरतो म्हणे) आणि 'घरपोच'वर खूण केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सोसायटीच्या सत्यनारायणाला मी भुकेवर भाषण ठोकलं. शेजारी हेलावले. (प्रसादाला उशीर झाला होता, त्यामुळेही असेल.) टोकन कसं घ्यायचं, असं जो तो विचारू लागला. एकेकाला कोण शिकवत बसणार? ॲपमध्ये मी भरलेल्या अर्जाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिला.

यथावकाश दुधी आला, तो टेम्पोतून. घरात लग्न आहे का, असं वॉचमननं विचारलं. सासूबाई मात्र खूश. नवं पीक आधी देवाला, मग शेजाऱ्यांना, मग आपल्या पोटात, हा त्यांचा नियम. त्यांनी ओलं खोबरं घालून भाजी केली, डबे भरले आणि मी छाती पुढे काढून दारोदार वाटून आलो.

दुपारी मी घोरत असताना दुसरा टेम्पो आला. मग तिसरा. शेजाऱ्यांनी माझा फोटो समोर धरून सगळं जसंच्या तसं भरलं होतं, दुधीसकट आणि घरपोचच्या खुणेसकट!

आता आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. संध्याकाळी बेल वाजू लागली. सावंतवहिनींनी आमच्या डब्यातून दुधीचा हलवा दिला. कांबळेकाकांनी दुधीची थालीपीठं दिली, तीही त्यांच्या ताटात, म्हणजे ते ताट आता आम्ही भरून पाठवणं आलं. कशानं भरणार? दुसऱ्या दिवशी लोक जिन्यात एकमेकांना टाळू लागले. कुणाच्या हातात डबा दिसला की घरातले दिवे विझायचे. आमचा एक डबा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यात आमचीच भाजी होती. मी ती खोबऱ्यावरून ओळखली.

"यापुढे बाथरूमला जाताना मोबाइल माझ्याकडे देऊन जायचं," बायको म्हणाली.

सासूबाई निघायच्या दिवशी आम्ही शेवटचे एकत्र जेवायला बसलो. त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. मुलगा म्हणाला, भूक नाही. बायकोलाही नव्हती. मी पाणी प्यायलो. वरच्या मजल्यावरूनही 'नको, भूक नाही' असं स्पष्ट ऐकू आलं. सासूबाईंनी झाकण परत ठेवलं.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "अख्ख्या बिल्डिंगीची भूक मारणारो शेतकरी मी उभ्या जन्मात बघूक नाय."

मी बायकोकडे वळलो. "ऐकलंस ना? शेतकरी म्हणाल्या!"