गुणाबाईचे खरे केस

धसईकडच्या त्या गावात गुणाबाईएवढे काळेभोर केस कुणाचे नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिचेही नव्हते. जन्मापासून तिचे केस तांबडे, घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखे. खर्डीला माहेरी पोरं तिला ‘माकडी’ म्हणून रडवायची. लग्न ठरलं तसे आईनंच ते काळे करून दिले. पुढं गुणाबाई बाजारातून कलपाची पुडी आणायची आणि गोठ्यामागं गुपचूप लावायची. नवऱ्याला, देवजीला तेवढं ठाऊक होतं, पण तो बिचारा गुपित पोटात घेऊनच गेला.

मग नातू झाला. सून रेश्माला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. शेजारची हिराबाई बघायला आली, बाळाचं टोपरं मागं सारलं, तर आत तांबडेलाल केस!

“अगो, आईचे काळे, बापाचे काळे, हा कोणावर गेला गो?”

झालं! नळावर कुजबुज सुरू. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? गुणाबाईचा लेक धनेश मुरबाडला कंपनीत कामाला, तोही पोराला उचलून घेईनासा झाला. रेश्मा भिंतीकडं तोंड करून बाळाला पाजायची.

गुणाबाई एक शब्द बोलली असती तर मिटलं असतं, पण तो तोंडातून निघेना. आजी झाली तरी ‘माकडी’ची भीती जात नाही, काय म्हणावं या बाईला! आणि नुसत्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? सुनेला झाकायला सासू खोटं बोलते, म्हणाले असते. तिनं कलप लावणं बंद केलं आणि डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि हिराबाईनं पुन्हा तेच काढलं, “पन हा गेला तरी कोणावर?”

गुणाबाईनं पदर खाली टाकला. केस काळे, पण मुळाशी बोटभर तांबडेलाल. बाळाला उचलून तिनं आपल्या डोक्याशी धरलं.

“माज्यावर गेलाय! बगून घ्या. आनी माकडी म्हनायचं तर मला म्हना.”

“अगो बया! यवढी वर्सं आमाला फसवलंस?” हिराबाई ओरडली. बायका पोट धरून हसल्या, आणि डोळे पुसत गुणाबाईही हसली. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

धनेश दारातून पुढं आला, बाळासाठी हात पसरून. रेश्मानं सासूकडून बाळ आपल्याकडं घेतलं.

“आता नको,” ती म्हणाली. “आईंचं डोकं बगितलंत, तवा पटलं. माजा शब्द पुरला नाय तुमाला.”

धनेशचे हात तसेच राहिले. आई आपल्या बाजूनं काही बोलेल म्हणून त्यानं तिच्याकडं बघितलं. गुणाबाई सुनेजवळ सरकून बसली.