वरपक्षाच्या अँटिबॉडी

आमच्या व्याह्यांइतका मानपान सांभाळणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी हिशेबी माणूस असूनही न मोजता लिहितो. माझी मुलगी कळमनुरीला त्यांच्या घरी दिली, तेव्हापासून वरपक्षाने वधूपक्षाच्या चार बोटे वरच राहायचे, हा त्यांचा धर्म. आम्ही आंबे नेले की आठवड्यात त्यांचे आमच्याकडे याहून मोठे आंबे येणार. मला चष्मा लागला, तर त्यांनी महिन्याभरात जास्त नंबरचा लावून घेतला. एकदा मी माझा रक्तदाब सांगितला, तर म्हणाले, "एवढाच? आमचा पाहा!" माणूस मात्र लोण्याचा. सुनेला कधी नावाने हाक मारत नाहीत; 'माय' म्हणतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघेही सापडलो. त्यांना दोन दिवस कणकण आली आणि काही दिवस फोडणीचा वास कळेना, एवढेच. मी मात्र नांदेडला ऑक्सिजनवर होतो. नरसीला घरी परतलो, तर फोनवर हे ऐकवतात, "व्याही, कोरोनानं बी वरपक्ष वळखला. आमाला रामराम करून गेला!" याच तोऱ्यात ते लस घेईनात. त्यांना साखरेचा जुना आजार, त्यात माझ्या मुलीला दिवस गेलेले. ती रोज विनवायची, "मामा, पुन्हा झालं तर?" यांचे उत्तर, "माय, जिंकल्या पैलवानाला काहून सुई टोचून राहिली?"

शेवटी आपली ताकद सिद्ध करायला त्यांनीच दोघांच्या अँटिबॉडी तपासून घेतल्या. माझा आकडा त्यांच्या जवळजवळ सहापट निघाला; मी भागाकार दोनदा केला. व्याही हादरले. "लॅबवाल्यानं नावं बदलली, दुसरं काही न्हाई!" म्हणत मला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "काका, हे परीक्षेचे मार्क नाहीत. आजार सौम्य असला की शरीराला थोडंच लढावं लागतं, म्हणून अँटिबॉडी बहुधा कमी बनतात. ज्याच्या घराला मोठी आग, त्याच्या दारात घागरी जास्त. हे मरता मरता वाचलेत. तुमचा आकडा कमी आहे म्हणून घाबरू नका, पण लस घ्या."

व्याह्यांनी यातले कामापुरतेच ऐकले. "लशीनं आकडा वाढतो?"

"वाढतो."

"यांच्याहून?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी हळूच होकारार्थी मान हलवली. "वाढूही शकतो," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी व्याही लसीच्या रांगेत सर्वांत पुढे होते. दुसरा डोसही वेळेवर घेतला आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. सकाळीच मुलीचा फोन आला, "बाबा, मामांचा आकडा तुमच्या वर गेला. अख्ख्या गल्लीला सांगितलं. पेढे घेऊन तुमच्याकडेच निघालेत." तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला होता.

फाटकाशी गाडी वाजली तसा मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि धाप लागली. चौकट धरून उभा राहिलो. व्याही हसत आत शिरत होते, ते जागीच थांबले. मग भराभर येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला खुर्चीवर बसवून त्यांनी पुडा सोडला आणि पेढा माझ्या तोंडात घातला.

"कशाचे पेढे, व्याही?" मी विचारले.

त्यांनी पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "आकडा पुन्हा तुमचाच मोठा निघाला," म्हणाले. "म्हणलं, तोंड गोड करून यावं."

मी आकड्यांचा माणूस. पण दुरुस्ती सुचवावीशी वाटली नाही.