माणूस पडल्याचा आवाज

धडामकाका हे नाव मीच ठेवलं आणि आता त्याचा मला थोडा पस्तावा होतो. सिनेमातला माणूस जिन्यावरून गडगडतो, खिडकीतून खाली पडतो, तो आवाज गेली अठ्ठावीस वर्षं काका काढतात आणि काचेच्या पलीकडे बसून मी तो रेकॉर्ड करते. त्यांच्या खोलीत लाकडाची फळी आहे, फरशीचा तुकडा आहे, वाळूचा हौद आहे आणि भाजीची टोपली. काकडी मोडली की बोट मोडतं. कोबी दाबला की कवटी फुटते. पडणाऱ्या माणसासाठी ओल्या वाळूचं पोतं असतं, त्याला जुना चामड्याचा कोट घातलेला. ते छातीच्या उंचीवरून सोडलं की थिएटरात लोक खुर्चीत दचकतात. आम्ही नाही दचकत. उरलेला कोबी मी घरी नेते.

यंदाच्या सिनेमात अकरा खून होते. दिग्दर्शक तरुण, अंगात उत्साह मावत नव्हता.

"लोकांची बोबडी वळली पाहिजे, काका."

"मळमळेल त्यांना," काका म्हणाले. "बोबडी वळणं वेगळं."

"म्हणजे?"

"रक्त बघून पोट ढवळतं. बाहेर येऊन काहीतरी थंड प्यायलं की संपलं." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. हल्ली एवढ्यानंही दमतात.

दिग्दर्शकाला ते झोंबलं. मला मात्र काकांचं पटतं. मी इतकी आतडी बाहेर आलेली बघितली आहेत की डबा खाता खाता त्यात चुका काढते. अशा सिनेमांना भीतिदायक म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. किळस आली, हे सांगायला माणसाला लाज का वाटावी?

सातव्या खुनात बाई न्हाणीघरात पडते आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला फक्त आवाज ऐकू येतो. काकांनी पोत्याला हातच लावला नाही. ओला टॉवेल घडी करून गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला आणि पायानं प्लास्टिकचा मग ढकलला. टप्. तो अर्धा गोल फिरला आणि थांबला.

"हे काय?" दिग्दर्शक म्हणाला. "बादली पडली का?"

"हो," काका म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं."

मला सगळं ठाऊक होतं, म्हणून मी मशीन बंद केलं आणि चहा मागवला. चहा निवेपर्यंत काकांनी त्याला सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी सकाळी ते घरी बसले होते. आदल्या दिवशीचं काम तपासायचं होतं. न्हाणीघरातून आवाज आला. काकांनी तो ऐकला, नीट ऐकला आणि मनात म्हणाले, माणूस असा पडत नाही, बादली असेल. माणूस कसा पडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? मग त्यांनी हेडफोन चढवले आणि पोतं पडल्याचे आवाज ऐकत बसले. चाळीस मिनिटं. काकू आत फरशीवर पडून हाका मारत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दिग्दर्शक वाईट नाही. कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "पण काका, बाई पडलीय हे लोकांना कळायला तर हवं ना?"

"हवं की," म्हणत काका उठले आणि त्यांनी पोतं सोडलं. पहिल्याच फटक्यात जमलं. दिग्दर्शकाच्या अंगावर काटा आला, त्यानं हात पुढे करून दाखवलासुद्धा.

काका हल्ली रोज चारच्या आत घरी जातात, त्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीवरून सोडलं. वाटेत ते माझ्या पाठीशी बोलत होते. काकूंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आठवड्यापूर्वी त्यांनी हट्ट धरला, की आता मी कडी लावूनच आंघोळ करणार, लहान बाळ नाही मी. शेवटी तोड निघाली ती अशी, की आत असताना काकूंनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. आवाज थांबला की काकांनी समजायचं.

"पण अगं, ती रोज सतरा सकला अडते. गणिताची बाई! डोक्यालाही मार लागला असणार. मी वेळेवर उठलो असतो तर..." सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं आणि काकूंना अजून सांगितलं नव्हतं.

व्यायाम करवून घेणाऱ्या बाई दुपारी येतात, म्हणून काकूंची आंघोळ चार वाजता असते. आम्ही पोचलो तेव्हा दिवसभर काकूंजवळ बसणाऱ्या शेजारीणबाई नुकत्याच उठून गेल्या आणि काकूंनी आतून कडी लावली. काका दाराजवळच्या स्टुलावर बसले. पाणी पडायला लागलं. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचा पंच्याऐंशी. सतरा सक..."

पाणी थांबलं. पुढे काहीच नाही.

काकांनी दाराला कान लावला आणि श्वास रोखून धरला. कामावर अगदी असेच बसतात, आवाज टिपताना कपड्याची सळसळसुद्धा होऊ देत नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. एक थेंब नाही, एक रक्ताचा ठिपका नाही, नुसतं बंद दार. मला ते सहन होईना.

"अहो काका, असे मुके काय बसलाय? बोला ना काहीतरी!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराला म्हणाले, "एकशे दोन."

आत बादली सरकली.

"आहात होय बाहेर?" काकूंचा आवाज आला.

"आहे ना. रोजच असतो."

"मग आवाज द्यायला काय होतं? पाढा येतो हो मला. रोज थांबून बघते, कोणी ऐकतंय का. कोणी बोलतच नाही. मग म्हणते पुढचा."

काका दाराला हात टेकून तसेच बसून राहिले.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय गं."

पाणी पुन्हा पडायला लागलं. "सतरा साते," काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

"एकशे एकोणीस," काका म्हणाले.